तीनदा मोजलेली फाइल

गुरुवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी आत्याच्या कार्यशाळेतला संगणक चौथ्यांदा थांबला. पडद्यावर आकडा होता अठ्ठ्याऐंशी टक्के. त्याखाली लाल चौकटीत पुन्हा तेच वाक्य होतं: फाइल करप्ट आहे, इन्स्टॉलेशन रद्द होत आहे.

भिंगरीसुद्धा गप्प होती, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. भिंगरी शेजारच्या फोटोवाल्यांची दहा वर्षांची मुलगी. ती झोपेतही बडबडते असं तिची आईच सांगायची.

"किती?" पंडितने वही उघडत विचारलं.

"दिसतंय ना तुला," टिटवी म्हणाली.

"दिसतंय. पण दोघांनी बघून लिहिलेलं बरं."

पंडित आत्याचा मुलगा, तेरा वर्षांचा. औषधाच्या बाटलीवरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो कोणाला घोटभर औषध घेऊ देत नसे. टिटवी त्याची मामेबहीण, बारा वर्षांची, सुट्टीला आलेली. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. रात्री ती लावलेला पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायची आणि उरलेला उशीवर चढवायची. टिटवी पक्षी म्हणे पाय वर करून झोपतो, आभाळ पडू नये म्हणून. ते ऐकल्यावर तिने स्वतःच हे नाव घेतलं होतं. दुसऱ्या कोणी काही ठेवण्याआधी आपण ठेवलेलं बरं, असा तिचा हिशेब.

आत्या कृत्रिम पाय बनवायची. पायाचा वरचा भाग, ज्यात उरलेला पाय बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. तो बरोबर बसला तर पाय आपला, नाहीतर नुसतं ओझं. टिटवीच्या हाडाच्या टोकाशी एक उंचवटा होता. आत्याने हाताने घडवलेले दोन सॉकेट तिथेच घासून जखम झाली होती आणि जुना तर आता तोकडा पडत होता. जखम भरेपर्यंत दिवसातून एक तासच पाय लावायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून मोठ्या रुग्णालयाने एक यंत्र आठवडाभरासाठी उसनं दिलं होतं. ते फोमचा ठोकळा कोरून पायाचा साचा काढतं, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक न ठेवता. शनिवारी संध्याकाळी सहाला ते पुढच्या गावी जाणार होतं आणि मग चार महिने येणार नव्हतं. सोमवारी याच गावात टिटवीची नवी शाळा सुरू होणार होती. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि पहिल्या दिवशी आपण कुबड्या न घेता फाटकातून आत जायचं, एवढी एकच गोष्ट तिने सुट्टीभर मनात धरली होती.

यंत्र सोमवारी दुपारी आलं. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर मात्र काही केल्या संगणकात उतरेना.

"होऊन जाईल," संगणकवाले काका म्हणाले. ते दर वेळी हेच म्हणायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव 'होऊनजाईल काका' पाडलं होतं. "फाइलच खराब आहे. कंपनीकडून पुन्हा उतरवून घेतो. नऊ तास लागतील."

"काल पण नऊ तास लागले होते," भिंगरी म्हणाली.

"मग आजही लागतील. घड्याळ तेच आहे ना?"

काका गेले. आत्या प्लास्टरने माखलेले हात पुसत दारात उभी राहिली. पडद्याकडे बघून ती फक्त "बरं" म्हणाली आणि आत वळली. ते 'बरं' ऐकून टिटवीने पडद्याकडे पाठ फिरवली. आत्या चिडली असती तर बरं वाटलं असतं. चिडणारा माणूस अजून आशा धरून असतो.

दुपारी पंडितने वही तिच्यापुढे सरकवली. "हे बघ. पहिल्यांदा त्रेसष्ट टक्क्यांवर थांबलं. मग एक्केचाळीस. मग सतरा. आज अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे चारी वेळा नापास."

"ते सोड. पहिल्या दोन वेळा रुग्णालयातून आलेली तीच डिस्क लावली होती. पुस्तकाचं पान फाटलेलं असेल तर दर वेळी तेच पान फाटलेलं दिसेल. कधी इथलं, कधी तिथलं, असं कसं?"

"काकांना विचार."

"विचारलं. म्हणाले, संगणकाचं असंच असतं."

"मोठी माणसं 'असंच असतं' म्हणाली की त्यांना ठाऊक नसतं," भिंगरीने सांगून टाकलं. "माझे बाबा माझ्या गणिताला असंच म्हणतात."

पंडितने कंपनीची पुस्तिका अर्थातच शेवटपर्यंत वाचली होती. शेवटच्या पानावर प्रत्येक फाइलपुढे आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ होती. संगणकाला सांगितलं की तो सगळी फाइल वाचून तशीच ओळ काढून देतो. पुस्तिकेतल्या ओळीशी ती जुळली तर फाइल शाबूत. आत एक अक्षर जरी बदललं असेल तरी सगळी ओळ बदलते. त्यांनी रुग्णालयाची डिस्क जोडली आणि सर्वांत मोठी फाइल तपासायला लावली. बारा मिनिटं गेली. ओळ जुळली नाही.

"झालं," टिटवी म्हणाली. "काका बरोबर आहेत. मुळातच खराब आहे."

भिंगरीला त्या ओळीची शेवटची चार अक्षरं लिहून ठेवायचं काम दिलं होतं. तिने ती हातावर लिहिली आणि मग हात धुतले.

"हात कशाला धुतलेस?" पंडित डाफरला.

"प्लास्टर लागलं होतं."

"आता पुन्हा बारा मिनिटं."

दुसऱ्यांदा ओळ आली, तीही जुळली नाही. पण भिंगरी पुटपुटली, "मघाशी शेवटी सात होता. आता नऊ आहे."

"तुला आठवत नसेल."

"हात धुतले, डोकं नाही धुतलं."

तिसऱ्यांदा तपासलं. या वेळी अक्षरं वहीत लिहिली, तिघांनी वाचली. ओळ तिसरीच होती.

पलीकडून आत्याच्या कानशीचा आवाज येत होता. ती कोणासाठी तरी हाताने साचा घासत होती. टिटवीला आठवलं, आत्या कोणाचंही माप तीनदा घ्यायची आणि हाताखालच्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची: तिन्ही मापं वेगळी आली तर पायाला दोष देऊ नकोस, आधी टेप बघ.

"फाइल खराब नाही," ती सावकाश म्हणाली. "फाइल खराब असती तर तीनदा तेच चुकीचं उत्तर आलं असतं. मोजणारा खराब आहे."

"संगणक?" भिंगरीने विचारलं.

"दुसऱ्या टेपने मोजल्याशिवाय सांगता येणार नाही," पंडित म्हणाला.

दुसरा टेप, म्हणजे दुसरा संगणक, भिंगरीच्या बाबांच्या फोटो स्टुडिओत होता, पण गुरुवारी स्टुडिओ बंद असे. शुक्रवारी आत्या रुग्णालयात गेली आणि जेवणं उरकून पंडित आणि भिंगरी डिस्क घेऊन निघाले. टिटवीनेही पाय चढवला.

"तू बस ना," पंडित म्हणाला. "एकच तास लावायचाय तुला."

"त्या पडद्यासमोर मी आता एक मिनिटही बसणार नाही."

स्टुडिओ जवळ नव्हता. फोटोवाले बाबा गिऱ्हाइकांत होते. त्यांचा संगणक मोकळा होईपर्यंत मुलं बाकावर ताटकळली. मग फाइल तीनदा तपासली. तिन्ही वेळा तीच ओळ आली आणि पुस्तिकेतल्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळली.

"म्हणजे सोमवारपासून डिस्क चांगलीच होती," पंडित म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. चार दिवस वाया गेले होते.

परतताना टिटवीने घड्याळ पाहिलं. घरातून निघून अडीच तास झाले होते. हाडाच्या टोकाशी निखारा ठेवल्यासारखं होत होतं. ती तशीच चालत राहिली.

कार्यशाळेत काका संगणक पूर्ण पुसायच्या तयारीत बसले होते. "सगळं साफ करतो, नव्याने सुरुवात. होऊन जाईल."

"काका, थांबा," टिटवी म्हणाली. "तुमच्या हाताने ही फाइल तीनदा तपासा. तीनदा एकच ओळ आली तर आम्ही पुन्हा तुमच्या वाटेला येणार नाही."

"लेखी देता?"

पंडितने खरंच लिहून दिलं. काका हसत बसले. पहिली ओळ आली. दुसरी आली आणि त्यांचं हसू मावळलं. तिसरीची त्यांनी वाटच पाहिली नाही.

"या संगणकात नवीन काय बसवलंत?" पंडितने विचारलं.

"दहा दिवसांपूर्वी मेमरीची एक पट्टी. नवं सॉफ्टवेअर जास्त मेमरी मागतं म्हणून. माझ्या खणात पडली होती."

"खणात कुठून आली?"

"एका गिऱ्हाइकाने जुना संगणक टाकला, त्यातली."

"त्यांनी तो का टाकला?" भिंगरीने विचारलं.

काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "सारखा बंद पडायचा म्हणून," ते म्हणाले.

संगणक जे काही वाचतो किंवा लिहितो ते आधी मेमरीत धरतो. पट्टीच सदोष असेल तर चांगली फाइलही हातातून सांडते. काकांनी पट्टी बसवली, संगणक सुरू झाला, म्हणजे काम झालं असं त्यांनी धरलं होतं. तिची चाचणी घ्यायला एक तास लागला असता.

पट्टी काढली. संध्याकाळी सहाला पाचव्यांदा इन्स्टॉलेशन सुरू झालं, अर्ध्या मेमरीवर, मुंगीच्या पावलांनी. आत्या आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि वही दोनदा वाचली.

"टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात," ती म्हणाली. "खोटं नाही." मग काकांकडे वळली. "तुम्ही उद्या सकाळी आठला इथे हवे आहात."

काकांनी मान डोलावली. या वेळी ते 'होऊन जाईल' म्हणाले नाहीत.

शनिवारी आठ वाजता आकडा एकाहत्तरवर होता. काका मुकाट्याने दहा दिवसांतल्या बाकीच्या फाइली तपासत होते. अकरा रुग्णांची मापं होती. त्यांतली तीन बिघडली होती. त्या तिघांना पुन्हा बोलवावं लागणार होतं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी शंभर टक्के झालं. भिंगरीने टाळी वाजवायला हात उचलले आणि आत्याचा चेहरा बघून खाली घेतले. आत्याने टिटवीच्या पायाचा मंगळवारी कॅमेऱ्याने घेतलेला स्कॅन नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला होता. पडद्यावर पाय होता, आणि गुडघ्याखाली जिथे मांस असायला हवं तिथे मुठीएवढा खड्डा होता. तो स्कॅनही याच संगणकाने साठवला होता.

"पुन्हा घेऊ," आत्या म्हणाली. "दहा मिनिटांचं काम. ये, मोजा काढ."

टिटवी जागची हलली नाही.

"काढ बाळा."

मोजा निघाला. आत्याने टेप लावला, एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा सारखंच माप आलं: मंगळवारपेक्षा चार मिलिमीटर जास्त. पाय सुजला होता आणि टोकाशी कातडी लाल झाली होती.

"किती वेळ लावला होतास काल?"

"अडीच तास. थोडा जास्तच."

"सांगितलं का नाहीस?"

"तू 'बरं' म्हणाली असतीस," टिटवी म्हणाली आणि मग तिला रडू आवरेना. चार दिवस तिने पडद्याला, काकांना, पट्टीला दोष दिला होता. आता दोष द्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"मी तिला नेलं," पंडित म्हणाला.

"मी पण," भिंगरी म्हणाली.

आत्याने ताण देणारी कापडी पट्टी घट्ट गुंडाळली आणि पाय उशांवर उंच ठेवला. सुजलेल्या पायावर साचा काढला तर सूज उतरल्यावर सॉकेट सैल होतो, घासतो, जखम पुन्हा उघडते. हे तिने लपवलं नाही. "चारपर्यंत थांबू. उतरेल तेवढं उतरेल."

पंडित दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून वहीत लिहीत होता. काका सारखे कॅमेऱ्याची वायर तपासत होते. चार वाजून पाच मिनिटांनी माप दोन मिलिमीटर जास्त होतं. आत्याने स्कॅन घेतला. उरलेली सूज तिने अंदाजाने पडद्यावर कमी केली: इथे दोन, इथे दीड, उंचवट्याशी काहीच नाही. वीस वर्षांच्या हाताचा अंदाज होता, पण अंदाजच.

"बरोबर असेल ना?" टिटवीने विचारलं.

"माहीत नाही," आत्या म्हणाली. "माहीत असतं तर यंत्र कशाला आणलं असतं?"

काकांनी फाइल तीनदा तपासली. तिन्ही ओळी एकच आल्या. चार वाजून बावन्न मिनिटांनी यंत्राचं पातं फोमला लागलं. कोरायला सत्तर मिनिटं लागणार होती. म्हणजे सहा वाजून दोन मिनिटं.

साडेपाचला गाडी आली. चालकाने दारात उभं राहून कागद पुढे केला. "सही करा. सहाला निघायचंय, पुढे घाटाचा रस्ता बंद होतो."

"दोन मिनिटं उशीर होईल," काका म्हणाले. "चूक माझी आहे. या पोरांनी शोधून काढली, नाहीतर मी अजून फाइलच उतरवत बसलो असतो. बाकीचं सामान मी चढवतो, तुम्ही बसा."

चालकाने उशांवरचा पाय पाहिला आणि भिंतीला टेकवलेलाही. तो बसला नाही, पण कागद मागे घेतला. "यंत्र सुटं करायला पण वेळ लागतो," तो म्हणाला.

आत्याने मुलांकडे न बघता म्हटलं, "हे झालं किंवा नाही झालं, तरी यापुढे या कार्यशाळेत नवी वस्तू आली की ती आधी तुम्ही तिघं तपासाल. मग मी."

पांढरा भुसा टेबलावरून जमिनीवर झरत होता. ठोकळ्यातून पाय अर्ध्याहून अधिक बाहेर आला होता. उंचवट्याची बाजू अजून कोरायची होती.

पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी यंत्रावरचा आकडा एक्क्याण्णव टक्के होता, आणि चालक गाडीचं मागचं दार उघडत होता.