पाव किलोहून कमी

आमच्या मुख्याध्यापिका तीन दिवसांचं कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि शाळेला संयुक्त प्रकल्पांचं खूळ लागलं. यापुढे म्हणे एकही विषय एकटा शिकवायचा नाही. भूगोलाने गणिताचा हात धरायचा, भाषेने चित्रकलेचा. माझ्या वाट्याला इतिहास आला. मी कार्यशाळा शिकवतो, आणि त्याआधी अठरा वर्षं कारखान्यात यंत्रं उभी केली आहेत. इतिहासाच्या बाईंनी जन्मात एक खिळा सरळ ठोकला असेल तर नाव बदलून ठेवीन. पण आता आम्ही दोघं मिळून नववीच्या मुलांना ज्ञान देणार होतो.

विषय बाईंनीच निवडला: कालव्यावरचा जुना टांगता पूल. अडुसष्ट वर्षांपूर्वी होड्यांची शर्यत भरली होती. पुलावर माणसं उभी असताना तो कोसळला आणि बरीच दगावली. पूल माझ्या आजोबांनी बांधला होता. चौकशी झाली आणि ते निर्दोष सुटले. पूल शंभर माणसांसाठी होता, चढली दोनशेच्या वर, असा त्यांचा जबाब होता आणि समितीने तो मान्य केला. त्याच आजोबांच्या आराखड्यावरून शाळेच्या दोन इमारतींमध्ये, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, आम्ही नवा पूल टांगला होता. लांबी निम्मी, बाकी सगळं तेच. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला वाचनालय. उभारणीत प्रत्येक सळीवर माझी नजर होती. येत्या शनिवारी त्याला आजोबांचं नाव द्यायचं आणि तो मुलांना खुला करायचा असं ठरलं होतं. बाईंचं म्हणणं, नाव देण्याआधी मुलांनी खरं काय ते शोधून काढावं.

मी लगेच हो म्हणालो. बाईंना वाटलं माझं मन मोठं आहे.

खरी गोष्ट वेगळी होती. मुलं जुन्या पुलाची विसाव्या हिश्शाची प्रतिकृती करणार होती, आणि तिच्यावर तेवढ्याच हिशेबाने लहान केलेली माणसं ठेवणार होती. साठ किलोच्या माणसाऐवजी साडेसात ग्रॅमचा लोखंडी नट. यातली गोम कोणाच्याही ध्यानात आली नाही. वस्तू वीसपट लहान केली की तिच्यावरचं वजन आठ हजारपट कमी होतं, पण तारेचा छेद फक्त चारशेपट कमी होतो. म्हणजे खेळण्यातला पूल खऱ्यापेक्षा वीसपट दणकट निघतो. शंभर नट काय, हजार ठेवले तरी तो हलणार नव्हता. आजोबांचा आराखडा सर्वांदेखत खरा ठरणार होता, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही कळणार नव्हतं की या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. पालकांची सभा म्हणजे कशालाही माना डोलावणारी माणसं. त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षा नव्हती.

मुलांनी काम बरं केलं, हे मान्य करावं लागेल. त्यातल्या एका मुलीला मी शंका म्हणायचो, कारण तिचा हात सतत वर असायचा. तारांची सगळी डाखणं, म्हणजे सोल्डरचे सांधे, तिने दिली. नट घासून घासून साडेसात ग्रॅमवर आणले आणि बिस्किटांच्या डब्यात भरले. बाईंनी काही मुलांना जुनी कागदपत्रं चाळायला बसवलं होतं. ती मुलं एक वही घेऊन आली. त्यांना मेलेल्यांची आणि वाचलेल्यांची मिळून एकतीस नावं सापडली होती. दोनशेतली उरलेली माणसं कुठे गेली, असं शंकाने विचारलं. मी म्हणालो, जी पोहून बाहेर आली त्यांची नावं कोण लिहून ठेवतो? बाईंना ते पटलं. बाईंना काहीही पटतं.

बुधवारी दुपारी कार्यशाळेत पहिली चाचणी झाली. दोन मीटर लांबीचा पूल दोन टेबलांच्या मध्ये टांगला होता. मुलं एकेक नट ठेवत आणि मोठ्याने मोजत होती. मी खिडकीपाशी उभं राहून हजेरी भरत होतो. एकतीस म्हटल्यावर टाचणी पडावी एवढासा आवाज झाला, आणि नट फरशीवर विखुरले. डावीकडून तिसरी तार तुटली होती. समितीच्या अहवालातही खऱ्या पुलाची तुटलेली टांगती सळी डावीकडून तिसरीच आहे.

मुलं खूश झाली. मोडलेल्या पुलाची प्रतिकृती, तीही मोडली, आणि नावं एकतीस तर नटही एकतीस. त्यांच्या दृष्टीने प्रकल्प यशस्वी झाला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या खोलीत ही गोष्ट अशक्य आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि ते सांगायचं तर माझी लबाडीही सांगावी लागली असती. एकतीस नट म्हणजे पाव किलोसुद्धा नाही. ती तार मी स्वतः तपासून दिली होती.

मी डाखणात दोष काढला. शंकाला सर्वांसमोर सांगितलं की तुझ्या आळशीपणाने चाचणी वाया गेली, आणि तिचे गुण कापले. ती फरशीवर बसून नट गोळा करत राहिली.

दुसरा पूल मी एकट्याने केला. गुरुवारी शाळा सुटल्यावर दार लावून घेतलं आणि नवी तार, नवी डाखणं, सगळं माझ्या हाताने केलं. झाल्यावर त्यावर बारा किलोची ऐरण ठेवली. पूल जरासा वाकला आणि थांबला. ऐरणीवर हात ठेवून मी अंगाचा निम्मा भार टाकला, तरीही काही नाही. मला हसू आलं. पोरीचं डाखणच कच्चं होतं तर.

ऐरण उतरवली आणि सहज म्हणून नट मांडले. एकतिसाव्याला तिसरी तार तुटली.

तार बदलली. तीस ठेवून थांबलो. पंधरा मिनिटं पूल निवांत उभा होता. एकतिसावा बोटांच्या चिमटीतून सोडायच्या आतच, तो नुसता टेकला तेव्हा, तार गेली. बाहेर उजेड होता, मैदानात कोणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. मला स्वतःचाच राग येत होता. इंजिनियर माणसाने नट मोजून घाबरावं?

घरी गेल्यावर बाबांना विचारलं. पूल कोसळला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मी आडून आडून विचारत होतो, की त्या दिवशी गर्दी खूप होती ना? बाबांनी चष्मा काढून पुसला.

"गर्दी काठावर होती," ते म्हणाले. "पुलावर तुझे आजोबा स्वतः सोडत होते. एकेकाला. मोजून."

"आजोबा? कशासाठी?"

"ते मी कधी विचारलं नाही. पुढे घरात काहीही मोजताना तीसवर थांबायचे आणि परत एकपासून सुरू करायचे. तू विचारू नकोस आता, जेवून घे."

म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात. मी तसंच मनाला बजावलं. सळी कच्ची आहे हे माहीत असताना कोणी माणसं मोजून वर सोडत नाही, आणि माझे आजोबा तर नाहीच नाही.

तोड सोपी होती. भार एका तुकड्यात असला की पूल मोडत नव्हता. शंभर माणसांच्या वजनाचा, पाऊण किलोचा, एक ठोकळा मी कापून आणला. शनिवारी सभागृहात पालक, विश्वस्त, सगळे जमले. मी तिसरी प्रतिकृती टांगली, वजनाचा हिशेब फळ्यावर मांडला आणि ठोकळा पुलावर ठेवला. पूल ढिम्म हलला नाही.

टाळ्या थांबल्यावर शंका उभी राहिली. "सर, पण माणसं एकेक करून चढतात ना? आम्ही नट आणलेत."

मी म्हणालो, लोखंडाला माणूस कळत नाही, वजन कळतं, आणि एवढं नववीत कळायला हरकत नाही. सभागृह हसलं. तिने डबा दप्तरात ठेवला आणि खाली बसली. बाई मुलांची वही मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

पाटीवरचा पडदा सरला. आजोबांचं नाव लागलं, आणि पूल खुला झाला.

सोमवारपासून मी मधल्या सुट्टीत जिन्याच्या तोंडाशी उभा राहू लागलो. शिस्तीसाठी, असं सांगितलं. एक साखळी लावली. वर गेलेला मोजायचा, उतरलेला वजा करायचा, तीस झाले की साखळी. दोन दिवसांत पोरं मला मोजणी सर म्हणू लागली. ज्या माणसाच्या हाताखाली चाळीस कारागीर होते, तो आता चिल्लीपिल्ली मोजत होता, आणि तरी जागचा हलत नव्हता.

पुलाच्या कडेला भिंतीवर मी मोजपट्टीही चिकटवली. रिकाम्या पुलाला शून्य. पाच मुलं चढली की पूल एक मिलिमीटर खाली येतो. तीस मुलांना सहा. हिशेब चोख बसला आणि मला जरा बरं वाटलं. आकड्यांवर माझा विश्वास आहे.

पहिला आठवडा हिशेब जुळला.

दुसऱ्या मंगळवारी वर वीस मुलं होती. पट्टी पाच दाखवत होती. मी मुलं तीनदा मोजली.

गुरुवारी दहा मुलं, आणि पट्टी पाच.

शुक्रवारी पूल बंद ठेवायची परवानगी मागायला गेलो. रंगाचं काम आहे म्हणालो. मुख्याध्यापिका हसल्या. त्या म्हणाल्या, रंग सुट्टीत देऊ, मुलांना तो पूल फार आवडतो.

रविवारी रखवालदाराकडून दार उघडून घेतलं. शाळेत चिटपाखरू नव्हतं. जिन्याशी साखळी लागलेली, पुलावर ऊन पडलेलं. मी पट्टीशी वाकलो.

सहा.

अर्धा तास थांबलो. सहाच. सळ्या ताठ होत्या. तिसरीला बोट लावलं तर ती बारीक थरथरत होती, पुलावर माणसं चुळबुळत असली की थरथरते तशी.

सोमवारी सकाळी घंटेच्या आधी मी साखळी धरून उभा राहिलो. मुख्याध्यापिका आल्या, इतिहासाच्या बाई आल्या. मी त्या दोघींना सगळं सांगितलं. एवढ्या लहान प्रतिकृतीला तो भार काहीच नव्हता, हे मला आधीपासून माहीत होतं, मी तुम्हा सगळ्यांना फसवलं, शनिवारच्या चाचणीला काही अर्थ नव्हता. हे बोलताना माझा आवाज चिरकत होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मुख्याध्यापिका गोंधळून पाहत राहिल्या. "पण सर, तो मोडला नाही ना," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "सगळ्यांनी पाहिलंय. आणि बुधवारचा मोडला तो डाखणामुळे, तुम्हीच सांगितलंत. दोन दिवस रजा घ्या. सोडा बरं ती साखळी."

त्यांनीच माझी बोटं हळूच बाजूला केली आणि कडी काढली.

शंका पुस्तक परत करायला आली होती. तिने मान वर करून पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"घाबरू नका सर," ती म्हणाली. "वर कोणीच नाहीये. मी पहिलीच आहे."