एक छटा उजळ

हितेश खरं तर दुसऱ्याच फोटो लॅबचा पत्ता विचारायला आत शिरला होता. कोपरखैरण्याच्या त्या गल्लीत सगळ्या पाट्या सारख्याच, त्यात दुपारचं ऊन डोळ्यांवर. काउंटरमागून ईश्वरीने मान वर न करताच सांगितलं, की ती लॅब पुढच्या चौकात आहे, पण प्रिंट इथेही निघतात.

"स्क्रीनवर दिसतो तसाच निघेल?"

आता तिने मान वर केली. हा प्रश्न विचारणारी माणसं तिला आवडायची... आणि याचे डोळेही बरे होते.

फोटो त्याच्या आईचा होता. दिवाळे गावच्या बाजारात सुकटीच्या ढिगामागे बसलेली पुतळाबाई, पदर खोचलेला, कुणाला तरी भाव सांगता सांगता हसणारी. नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर तो मोठा करून लावायचा होता. आधी छोटी प्रिंट काढली, तर हितेशने लगेच मोबाइल प्रिंटच्या शेजारी धरला. "मॅडम, ही काळोखात काढल्यासारखी वाटते."

ईश्वरी फिजिक्सची बीएस्सी. वडिलांचा, कोंडिबांचा स्टुडिओ ती प्रयोगशाळेसारखा चालवायची. तिने त्याचा मोबाइल घेऊन ब्राइटनेस निम्म्यावर आणला आणि त्याला प्रिंटसकट दाराशी उजेडात उभं केलं. स्क्रीन स्वतःचा उजेड फेकते, तिने समजावलं. कागदाला समोरून मिळेल त्या उजेडावर भागवावं लागतं. त्याने दोन्हीकडे पाहिलं. जुळत होतं.

"म्हणजे कागद गरीब," तो म्हणाला.

"कागद प्रामाणिक," ती म्हणाली, आणि आपलंच वाक्य आवडून गालात हसली.

मग तो येत राहिला. कागद चकचकीत घ्यावा की मॅट, कडा पांढरी ठेवावी की नको... एका फोटोसाठी कुणी इतके हेलपाटे घालत नाही, हे दोघांनाही कळत होतं. एकदा काउंटरमागच्या भिंतीवरचा तिचा फोटो पाहून त्याने विचारलं, ही तुमची बहीण का? मीच आहे, असं सांगून ती हसली खरी. पण दिवसभर ते कुसळासारखं टोचत राहिलं.

मोठी प्रिंट तिने स्वतः बसून काढली, कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. दुसऱ्याच दिवशी तो ती घेऊन परत आला. आज 'मॅडम' अशी हाक नाही, हसू नाही.

"आईने फोटो भिंतीला टेकवून बघितला," तो म्हणाला. "मग मला विचारलं — माज्या रंगाची लाज वाटली काय रे तुला?"

ईश्वरीने फाइल उघडली. स्क्रीन बरोबर आहे, हे दाखवायला ती तयारच होती. आणि स्क्रीन बरोबरच होती. साडी जुळत होती, सुकट जुळत होती, मागची निळी ताडपत्रीसुद्धा. फक्त चेहरा आणि हात... एक छटा उजळ. ते मशीनचं काम नव्हतं. मोठ्या प्रिंटला चेहरा थोडा उजळायचा, गिऱ्हाईक खूश होतं — कोंडिबांनी लावलेली सवय. तिचा हात न विचारता चालला होता, जसा स्वतःच्या फोटोवर चालला होता.

तिचे कान तापले. मशीनवर ढकललं असतं तर त्याने विश्वास ठेवला असता.

"मशीनचं काहीतरी..." ती म्हणाली, आणि तिला तिचाच आवाज ऐकवेना. "नाही. मी केलं. मला वाटलं, बरं दिसेल."

"बरं," तो म्हणाला. प्रिंट काउंटरवर ठेवून निघून गेला.

रविवारी ती दिवाळ्याला त्यांच्या घरी गेली. पिशवीत त्याच चेहऱ्याच्या अरुंद पट्ट्या होत्या, गडद ते उजळ, मोठी प्रिंट काढण्याआधी काढतात तशा. हितेश दारात होता. त्याने बाजूला होऊन वाट दिली. पुतळाबाई ओसरीवर मासळी निवडत होती. ईश्वरीने खाली मान घालून सांगितलं, की रंग तुमच्या मुलाने बदलला नाही, मी बदलला.

पुतळाबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मंग तू कुठं गोरी हाय गो?"

ईश्वरीने पट्ट्या पुढे केल्या. पुतळाबाईने हात धुतले, पदराला पुसले, उन्हात धरले आणि एकेक पट्टी मनगटाला लावून पाहिली. एकीवर थांबली. "ही मी," ती म्हणाली. "असाच कर आता." आणि चहा टाकायला आत गेली.

ईश्वरी उरलेल्या पट्ट्या गोळा करत असताना हितेशने तिचं मनगट हलकेच धरलं. एक पट्टी लावली, दुसरी लावली... वेळ जरा जास्तच घेतला.

"तुमची यात नाही," तो म्हणाला. "वेगळी काढावी लागेल. फोटो मी काढणार."

"आज नको. डोळे सुजलेत माझे."

"तेही येऊ दे."

तिने मान वर केली. "काउंटरमागचा फोटो मी सकाळीच उतरवला," ती म्हणाली. "खिळा तसाच ठेवलाय... तुम्ही काढाल त्या फोटोसाठी."

आतून पुतळाबाईने चहाला हाक मारली. हितेशने 'आलो' म्हटलं, पण मनगट काही सोडलं नाही.