अनुमोदक आदेश, ओतूर

ठराव मी मांडला, पण अनुमोदन द्यायला कुणी तयार होईना. आमच्या विद्यार्थी संघात जुन्नर-आंबेगावची बावीस कॉलेजं. मोठ्या कॉलेजांचे दोन-दोन प्रतिनिधी, आणि भीमाशंकरकडच्या लहान कॉलेजांचा एकही नाही. मोठ्यांनी आपली दुसरी जागा त्यांना द्यावी, एवढंच माझं म्हणणं. मत द्यायला बरेच तयार होते. नाव लिहून घ्यायचं म्हटलं की सगळे मोबाईलमध्ये शिरले.

इतक्यात दारात एक हात वर झाला.

"नाव?" मी घाईघाईनं विचारलं.

"आदेश... ओतूर."

लिहिलं. ठराव पास!

चहाच्या वेळी तो जवळ आला. भिजलेला शर्ट, हसरे डोळे.

"हर्षाली मॅडम, मी आत येऊ का इचारत व्हतो. तुमी तर मला अनुमोदकच करून टाकलं!"

"अगं बाई! आणि ओतूरची दुसरी जागा—"

"माझीच हाय."

मी सचिव, चूक माझीच. "पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचेन, तेव्हा हरकत घ्या. ठराव रद्द होईल."

"आन् ती डोंगराकडची पोरं?"

"राहतील... बाहेरच."

मग महिनाभर त्याचे फोन. गणपूर्ती म्हंजे किती माणसं, अध्यक्षाला जादा मत असतं का... 'तुमी'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. एक दिवस फोन आला नाही, तर मला जेवण गेलं नाही. त्यानं हरकत घ्यावी असं वाटायचं. जागा राहिली, तर तो दर महिन्याला दिसणार होता. आणि हे मनात आलं, की माझीच मला लाज वाटायची.

बैठकीत इतिवृत्त वाचताना त्याच्या नावाशी मी मान वर करून पाहिलं.

"कुणाची हरकत?" अध्यक्ष स्वराजनं विचारलं.

आदेश माझ्याकडे बघत राहिला. हात वर केला नाही. इतिवृत्त कायम झालं, त्याची जागा गेली.

एसटी स्टँडवर मी त्याला गाठलंच. "का नाही घेतलीस हरकत?"

"त्या पोरांना भेटून आलो. मीटिंगला यायला दोन गाड्या बदलाव्या लागतील, तरी तयार हायेत. कशी घेऊ?" त्यानं लागलेल्या गाड्यांकडे पाहिलं. "फक्त... आता तू दिसायची न्हाईस. त्याचंच लई वाईट वाटतंय, राव."

माझी महाळुंग्याची गाडी लागली होती. मी चढले नाही.

"मला तू आवडतोस, आदेश," मी म्हणाले. "त्यासाठी प्रतिनिधी असावं लागत नाही."

महिनाभर फोनवर बडबडणारा तो कानापर्यंत लाल झाला नुसता.

गाडी सुटली. पुढची दीड तासानं होती, आणि तीही फार लवकर आली.