पहिलं गिऱ्हाईक

सकाळची भवानी व्हायच्या आत एखादं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं, की आमच्या पेंगमावशीचा दिवस तिथंच बसतो. मग दुपारी कुणी अख्ख्या कचेरीसाठी सदरे घेऊन जाऊ दे, ती म्हणणारच, "हो, पण सकाळी नाट लागला ना." म्हणून तो उंच परदेशी माणूस निळा सदरा अंगाला लावून, पुन्हा नीट घडी करून, जागेवर ठेवून निघाला, तेव्हा मावशीने मला कोपराने ढोसलं.

"फाय, पळ. आण त्याला."

"अगं, नको असेल त्याला."

"त्याला नको असेल. मला हवंय."

माझ्या प्रेमाची सुरुवात ही अशी, मावशीच्या कोपराने झाली.

थंडीचे दिवस होते. लाओसच्या सीमेकडच्या आमच्या फ्रे गावचा बाजार धुक्यात अर्धा बुडालेला, आणि त्या धुक्यातून मी एका पायात चप्पल, दुसरी कुठे राहिली कुणास ठाऊक, अशी धावत गेले. तो चिकट भाताच्या गाडीपाशी उभा होता.

"सदरा का ठेवलात?" मी धापा टाकत विचारलं.

तो विचारात पडला. एकेक शब्द शोधून काढत म्हणाला, "बाह्या... आखूड."

"आखूडच असतात. शेतात घालायचा सदरा तो, मेजवानीत मिरवायचा नाही. चला, अर्ध्या किमतीत देते."

"अर्ध्या? का?"

"तुम्ही पहिले आहात."

"कुणाचे?"

मी चप्पल नसलेला पाय मागे घेतला आणि म्हटलं, "दुकानाचे."

तो हसला. ओठांनी नाही, नुसत्या डोळ्यांनी... आणि मुकाट्याने माझ्यामागून आला.

पैसे हातात पडल्यावर मी रोजच्यासारखी ती भवानीची नोट, बरकत यावी म्हणून, सगळ्या मालावर थोपटली. सदऱ्यांच्या थप्पीवर, टांगलेल्या लुंग्यांवर, मफलरांवर, खुर्चीवरच्या मांजरीवर. आणि हात चालूच होता, तर त्याच ओघात त्याच्या दंडावरही एक थाप पडली.

"मी पण विकायला आहे?" त्याने विचारलं.

"दुकानात उभं राहिलं की मालातच धरतात."

"मग... माझी किंमत?"

"आखूड बाह्यांच्या माणसाला कोण घेणार?"

मावशीने तोंडाला पदरासारखं मफलरचं टोक लावलं आणि बराच वेळ खुदुखुदु हसत राहिली.

त्याचं नाव एरो. फिनलंडचा. आमच्याकडे 'र' म्हणायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे बाजारात त्याचा 'एलो' झाला, आणि त्याने एकदाही कुणाला सुधारलं नाही. थोरली बहीण कायसा त्याच्याबरोबर आली होती. ती झाडापाल्याच्या रंगांतली जाणकार, हा सुतार. आईच्या मागे तिचं घर विकून दोघं निघाली होती, आणि आमच्या गावातल्या सागवानी घरांच्या गल्लीत एक छोटंसं कापडाचं दुकान टाकायचं दोघांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. मावशी पथारी पसरते न पसरते तोच. मग रोजच यायला लागला. कधी मफलर, कधी लुंगी, कधी नुसता रुमाल. आमचं निळं कापड पहिल्या धुण्याला मिठाच्या पाण्यात घालायचं असतं, नाहीतर रंग अंगाला लागतो. एके दिवशी पाहते तर याची मान कानापर्यंत निळी.

"मिठाचं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"निळा झालो की तू... माझ्याकडे बघतेस."

मी लगेच दुसरीकडे बघितलं. पण दिवसभर मला ती मानच दिसत होती, खोटं कशाला बोलू.

दुकानाची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती. परक्या माणसांना असलं लहान दुकान एकट्याच्या नावावर काढता येत नाही. निम्म्याहून जास्त वाटा इथल्या माणसाचा लागतो. कायसाने शेजारच्या शहरातून एक वकील आणला. कडक इस्त्रीचा. शेवयांचे वाडगे समोर ठेवून त्याने मला समजावलं.

"फाय, तुम्ही फक्त नाव द्यायचं. या कागदावर सही केली की वाटा तुमचा. आणि या दुसऱ्या कागदावर आत्ताच सही करून ठेवली की तो परत त्यांचा. घरबसल्या दरमहा काहीतरी मिळत राहील."

"आणि मी करायचं काय?"

"काहीच नाही."

"काहीच न करायची मला सवय नाही," मी म्हटलं. "आणि हे कायद्यात बसत नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

"सगळेच करतात हो."

मी वाडगा बाजूला सरकवला आणि एरोकडे वळले. "नाव उसनं मिळणार नाही. मावशीच्या आईच्या हातचे रंगाचे माठ आहेत आमच्याकडे. ते वाट्यात धरा. गल्लीतल्या आमच्या घराचा दर्शनी भाग दुकानाला देते, तो धरा. माझे हात धरा. त्याच्या बाजूला तुम्ही काय आणलंय ते ठेवा. मग मी भागीदार. दुकान कसं चालवायचं ते मीही ठरवणार. नाहीतर दुसरं एखादं नाव शोधा."

बोलून तर गेले. आता ही दोघं उठून जातील, आणि उद्यापासून सकाळी धुक्यात कुणीच उभं नसेल, असं वाटलं.

एरोने बहिणीला सगळं सांगितलं. बराच वेळ सांगत होता. कायसाने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, रंगाच्या माठात निळा झालेला माझा पंजा आपल्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि घट्ट दाबला. वकिलाने अख्खी मिरची चावल्यासारखं तोंड केलं.

दुकान उघडलं. भंतेंनी चौकटीवर गंधाचे ठिपके लावले, मावशीने अंगणातल्या वास्तुदेवाला लाल सरबताची बाटली वाहिली. आमच्याकडे शुक्रवारी सरकारी माणसं गावचं निळं कापड घालतात, त्यामुळे गुरुवारी आमची झुंबड. सगळं छान होतं. अडचण एकच होती. एरोला काम करायचा परवाना नव्हता.

परवान्याशिवाय परक्या माणसाने काडी इकडची तिकडे केलेली चालत नाही. दुकानातल्या फळ्यासुद्धा गावच्या सुताराने ठोकल्या, आणि हा त्याच्याशेजारी उभा राहून सुस्कारे सोडत होता. परवाना मिळाला तरी फक्त मागच्या खोलीत बसून परदेशच्या मागण्या बघता येणार. गिऱ्हाइकाला कापड विकणं हे काम परक्याला नाहीच. बिचारा आपल्याच दुकानासमोरच्या बाकावर बसून राहायचा. एकदा न राहवून आत आला आणि विस्कटलेल्या सदऱ्याची घडी घालायला लागला. मी त्याच्या बोटांवर फटका मारला.

"ठेव ते. कुणी पाहिलं तर?"

"माझंच दुकान..."

"असू दे. गिऱ्हाईक म्हणून हात लाव."

"मग घेतो हा."

"परवाही घेतलास."

"मला घड्या घालायला आवडतात," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि तू फटके मारतेस, तेही."

असा तो रोज आपल्याच दुकानातून सदरा विकत घ्यायचा, आणि मी त्याचीच नोट सगळ्या दुकानावर थोपटून शेवटी त्याच्या दंडावर थोपटायचे. मावशी म्हणायची, "ही पोरं धंदा करतायत की भातुकली?" मी मनात म्हणायचे, भातुकली तर भातुकली, मोडू नये म्हणजे झालं.

पण परवाना येईना, आणि त्याची इथं राहायची मुदत संपत आली. एका दुपारी समोरची भाजीवाली पाय पसरून बसली होती. ती त्याला सरळ म्हणाली, "अरे एलो, एवढा कशाला झुरतोस? पोरीशी लग्न करून टाक. बायको इथली असली की कागद पटापट होतात."

तो त्यावर विचार करत राहिला. त्याची विचार करायची ही सवयच आमच्या मुळावर आली.

संध्याकाळी मी मागच्या अंगणात माठापाशी होते. कापड माठातून हिरवं निघतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. मी ते पिळत होते. तो येऊन उभा राहिला आणि मोजल्यासारखं एकेक बोट दुमडत बोलायला लागला.

"फाय... आपण लग्न केलं तर कागद लवकर होतील. मला परत परत सीमेपलीकडे जावं लागणार नाही. दुकानाला बरं पडेल."

मी चौथ्या बोटाची वाट बघत थांबले. ते काही हललं नाही.

"झालं?"

"हो... म्हणजे—"

"मग दुकानाशीच कर लग्न. ते कधी नाही म्हणणार नाही."

"फाय, मी..."

"नावापुरती भागीदार व्हायला मी नकार दिला. तुझ्यासमोर दिला. आणि आता नावापुरती बायको होऊ?"

त्याचा चेहरा पडला. मी पाठ फिरवून कापड पिळत राहिले. पिळून पिळून कोरडं झालं तरी पिळत होते. मला रडू येत होतं. त्याने नुसतं 'तू मला आवडतेस' एवढं म्हटलं असतं ना, तर तशाच ओल्या हातांनी मी त्याच्या गळ्यात पडले असते.

दुसऱ्या दिवशी तो सीमेच्या नदीपलीकडे लाओसला गेला, नवा व्हिसा काढायला.

त्यानंतरही रोज सकाळी भवानी होतच होती. कधी शाळेतल्या बाई, कधी कुणी वाटसरू. मी नोट थोपटायचे, सदऱ्यांवर, लुंग्यांवर, मांजरीवर, आणि मग हात थोडा पुढे जाऊन थांबायचा. बाकावर कुणी नसायचं. दाराचा आवाज झाला की मान वर व्हायची, आणि मावशी ते पाहून न पाहिल्यासारखं करायची. आपणच हाकललं आणि आपणच वाट बघतोय, याचा मला फार राग यायचा.

कायसा एकदा माझ्या शेजारी येऊन बसली. तिला आमची भाषा तोडकीमोडकीच येते.

"तू रागावली?"

"हो."

"एरो मूर्ख," ती म्हणाली. "पण... चांगला मूर्ख. आमच्या घरी मनातलं कोणी बोलत नाही. बाबा आईला पहिल्यांदा काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, तुझं छप्पर गळतं, मी राहायला येतो."

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. "आईने काय केलं?"

"छप्पर दुरुस्त करून घेतलं. शेजाऱ्याकडून. मग म्हणाली, आता गळत नाही. अजून यायचंय का?"

कायसा उठून गेली. तिने त्यालाही ही गोष्ट सांगितली होती की नाही, हे मी पुढे कधी विचारलं नाही.

एके सकाळी मी दुकानाच्या फळ्या काढत होते. धुकं इतकं होतं की समोरची भाजीवालीसुद्धा दिसत नव्हती. शेवटची फळी काढली, आणि पायरीखाली तो उभा. अंगात तोच पहिला सदरा. धुऊन धुऊन फिकट झालेला, बाह्या आखूड.

माझ्या हातातली फळी तशीच राहिली.

"परवाना मिळाला," तो म्हणाला. "काल. बसमधून उतरलो तो सरळ कचेरीत गेलो."

"बरं झालं," मी म्हटलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

"वर्षभर राहता येईल. पुढेही वाढवून देतात. दुकानाचं काही अडत नाही."

"चांगलंय."

"म्हणजे..." त्याने घसा साफ केला. "आता लग्नाचा काहीएक उपयोग नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"कागदांना नाही. दुकानाला नाही. मी वाटेत सगळा विचार केला, बसमध्ये दुसरं काही काम नव्हतं. कशालाच उपयोग नाही, फाय." तो एक पायरी वर आला. "म्हणून आता विचारतोय. तू मला आवडतेस. त्या दिवशी एका चप्पलेने धावत आलीस ना... तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?"

या वेळी त्याने एकही बोट दुमडलं नव्हतं. दोन्ही हात नुसते खाली सोडलेले होते. मला इतकं बरं वाटलं की मी फळी भिंतीला टेकवायच्या निमित्ताने तोंड लपवलं.

आतून मावशीचा आवाज आला. "फाय, कोण गं? भवानी झाली का?"

"नाही अजून, मावशी."

एरो हळूच म्हणाला, "म्हणजे मी पहिला?"

"हो."

"पहिल्याला परत पाठवत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"सगळा बाजार म्हणतो."

मी खाली उतरले आणि त्याच्या सदऱ्याची बाही धरून ओढून पाहिली. मनगटाच्या खूप वर राहिली. "अजून आखूडच आहे."

"हो... आता काय करायचं?"

"काय करणार? नाट लागायला नको," मी म्हटलं, आणि माझा निळा पंजा त्याच्या दंडावर थोपटला. मग तो तिथून काढावासा वाटेना, म्हणून तिथेच ठेवला. त्याने त्यावर आपला हात ठेवला. धुक्यातून भाजीवाली खोकली, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

"झाली गं भवानी, मावशी," मी आत ओरडून सांगितलं.

"काय विकलंस?"

"विकलं नाही, मावशी. घेतलं."