लॅथ्रॉप टॉवरची उंची

एरी सरोवराकाठच्या त्या शहरात लॅथ्रॉप टॉवर पाडून तिथे गाड्यांचा तळ करायचं ठरलं, तेव्हा लोकांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि गाडी लावायला किती पडतील याची चौकशी केली.

इमारत १९२९ची. टप्प्याटप्प्याने आत सरकत वर चढलेली, माथ्यावर हिरवट पडलेला तांब्याचा मुकुट. जमीन देताना पालिकेने एकच अट घातली होती : टॉवर शहरात सर्वांत उंच असेतोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. पुढे समोरच्या विमा कंपनीने हातभर जास्त उंच इमारत बांधली आणि अट निकालात निघाली. टॉवरची व्यवस्थापक लॉरेटा नोव्हाक त्या हातभराला रोज शिव्या घाले.

"क्लाइड, एकदा मोजून तर बघ," तिने आपल्या सर्वेयर दिराला गळ घातली.

"वहिनी, म्हातारपणी इमारती खचतात. उंच होत नाहीत."

तरी त्याने फुटपाथवर दुर्बीण मांडली. मोजलं. पुन्हा मोजलं. मग सँडविच काढलं आणि न खाताच परत गुंडाळलं.

"आपण वीतभर वर आहोत."

"मग तोंड का असं?"

"मागच्या आठवड्यात नव्हतो. मी गुपचूप मोजून गेलो होतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

पालिकेच्या सभेत मालकाचा वकील प्रेस्कॉट खो खो हसला. "दीर मोजणार, वहिनी जिंकणार! छान आहे!" त्याने थेट शिकागोहून आपला माणूस आणवला. त्या माणसाने दिवसभर मोजलं आणि सभेत उभं राहून सांगितलं, "टॉवर समोरच्या इमारतीपेक्षा अख्खा मजलाभर उंच आहे."

"अरे, तुला पैसे कोण देतंय?" प्रेस्कॉट ओरडला.

"तुम्हीच. म्हणून तर तीनदा मोजलं."

टॉवर वाचला. एकमताने.

संध्याकाळी तळमजल्याच्या लाल संगमरवरी दालनात सगळं गाव लोटलं. बँड, बिअर, पिरोगी नावाच्या पोलिश करंज्यांची ताटं. लॉरेटा बाकावर चढून "आता पाडा!" म्हणून ओरडली, तेव्हा छताच्या सोनेरी वर्खाची धूळ खाली आली आणि प्रेस्कॉटसुद्धा टाळ्या पिटू लागला.

तिथूनच तिला लिफ्टच्या दारावरचं, काट्याने मजला दाखवणारं पितळी अर्धवर्तुळ दिसलं. त्यावरचे मजल्यांचे आकडे छत्तिसाला संपत.

आता पुढे सदतीस होता. कोरीव. बाकीच्यांइतकाच झिजलेला.

काटा त्याच्यावर होता.

"वर कोण गेलंय?" क्लाइडने हळूच विचारलं.

"कोणी नाही. लिफ्टची किल्ली माझ्याकडे आहे."

काटा हलला. छत्तीस. पस्तीस.

लॉरेटाने ग्लास ठेवला, कोट सारखा केला आणि मालकिणीच्या तोऱ्यात दारासमोर जाऊन उभी राहिली. बँड थांबला. दालनातल्या टाळ्याही थांबल्या.

खाली येणाऱ्या लिफ्टमधल्या थांबल्या नाहीत.