ताईचा ठिपका

पडदे शिवणाऱ्या त्या बाईने दुपारी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि फोन घेऊन बसली. काम साधंच होतं. इतके दिवस फोनमध्ये जे जे बंद करून ठेवलं होतं, ते आता उघडायचं. गिऱ्हाइकांना तिचं नाव, फोटो, पत्ता दिसू द्यायचा. समोर इस्त्रीवाल्या मावशी कापडावर पाणी शिंपडत होत्या. ओल्या सुताचा आणि तापल्या लोखंडाचा वास खोलीभर दाटला होता.

टुमणं मावशींचंच होतं. सुंठीवाचून खोकला गेला, आता कशाला तोंड लपवून बसतेस, असं त्या रोज म्हणत होत्या.

खोकला म्हणजे तिचा नवरा. मारकुटा, आणि वर चिवट. ती पळून गेली की तो फोनवरून माग काढत यायचा. एकदा मैत्रिणीने टाकलेल्या फोटोवरून आला, एकदा नकाशावरून. मग तिने फोटो काढून टाकला, नाव बदललं, आपण फोन शेवटचा कधी पाहिला तेही झाकून ठेवलं. दुधाने तोंड पोळलं होतं, ताकही फुंकून पिणं आलंच. बिऱ्हाड कायम विंचवासारखं पाठीवर.

एकच गोष्ट तिने उघडी ठेवली होती. नकाशावर ती आणि तिची थोरली बहीण एकमेकींना दिसत. पुढे ताई ट्रकखाली गेली. ताईच्या फोनचा चुरा हिनेच रस्त्यावरून वेचला. तरी नकाशावरून ताईचं नाव पुसायला हिचा हात धजला नाही. आणि एके दिवशी ताईचा ठिपका हलला.

तो हिच्याच घराकडे येत होता. ती भेदरून मागच्या दाराने बाहेर पडली, शेजारच्या बोळात दडली, आणि तिथून तिला नवरा आपल्या दाराशी येताना दिसला. त्यानंतर दरवेळी तसंच. ताई पुढे, तो मागे. ठिपका निघाला की पिशवी उचलायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून खरं कुणाला वाटणार? पण पळून पळून ती पार शिणली होती. कधीकधी वाटायचं, येऊ दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

मग मावशींच्या नंबरवर जावेचा फोन आला. "गेले भावजी. मी डोळ्यांनी पाहिलंय. आता निवांत झोप, बाई."

म्हणून आज हे काम. कोणाला दिसू द्यायचं, असं फोनने विचारलं. तिने 'सर्वांना'वर बोट ठेवलं आणि तिला मोकळं मोकळं वाटलं. बसल्या जागी झोप लागेल असं वाटलं.

"झालं का?" मावशींनी विचारलं.

"झालं. आता येऊ दे सगळ्या जगाला."

सहज म्हणून तिने नकाशा उघडला. ताईचा ठिपका चालत होता.

तिचे डोळे भरून आले. आता ताईला घाई नाही, राखण नाही. नुसतं भेटायला यायचं असेल. "ये गं," ती पुटपुटली, आणि शेजारच्या स्टुलावरचे पडदे उचलून तिने जागा केली. ठिपका चौकात आला, वळला, इमारतीखाली आला. पडदे तिच्या हातातच राहिले.

ताई आजवर एकटी कधी आली नव्हती.

तिने फोन ओढला. 'सर्वांना' पुसून 'कोणालाही नाही' केलं. फोनवर चक्र नुसतंच फिरत राहिलं. जिना करकरला, थांबला, पुन्हा करकरला…

"मावशी… दार लावा."

मावशी इस्त्री ठेवून केव्हाच दाराशी गेल्या होत्या. "अगं, गिऱ्हाईक आलंय. पुढे एक बाई होती, जिन्यातूनच नको नको असा हात करत होती… कुठे गेली कोण जाणे."

"आणि मागे…?"

"मागे माणूस आहे एक. नाव सांगत नाही. फोनवर पत्ता दिसला म्हणतो." मावशी बाजूला सरकल्या. "मी म्हटलं, या की आत."