दुसऱ्या कडव्यातली बाई

गल्लीत माझ्या कपड्यांपेक्षा माझ्या थापा जास्त खपतात. पण मी शिंपी आहे आणि टेप खोटं बोलत नाही, तेव्हा हे टेपच्या भरवशावर सांगतो.

बायको गेल्यापासून बोलणं गिऱ्हाइकापुरतं. बाकी मशीन आणि रेडिओ. दुपारी इस्त्री तापत ठेवली की ते गाणं लागायचं. जुनं, बिनचित्राचं. कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय, एवढाच त्याचा जीव. दुसरं कडवं आलं की समोरच्या स्टुलावर बायको यायची. अंगाने ऐसपैस, डावा खांदा बोटभर उतरता, ओठांत टाचण्या धरून बेसूर गुणगुणणारी. यायची म्हणजे आठवायची हो. भुतांचे कपडे मी शिवत नाही.

एक दिवस पुतणी मोबाईल घेऊन आली. "काका, तुमच्या गाण्याचा व्हिडिओ निघालाय."

"गाणं कानांचं. डोळ्यांचं तिथे काय काम?"

"बघा तर. फुकट आहे."

बघितला. रिकाम्या फलाटावर एक बारीक बाई, लांब मानेची. अख्खं गाणं उभी. पापणी काही लवत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर तीच.

म्हटलं, नवं कापड पहिल्या धुण्यात रंग सोडतंच; जाईल. रेडिओ बंद केला, डोळे मिटून स्वतःच गुणगुणलो. फलाट आला, बाई आली. माझ्या डबीतल्या टाचण्या तिने ओठांत धरल्या. घाबरून बायकोचं हसू आठवायला बसलो. हसू आठवेना. मग चेहराही आठवेना.

भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवून काच पुसली. माझ्या शेजारी लांब मानेची बाई उभी होती.

पुतणीला फोन लावला. "काकू दिसायला कशी होती गं?"

"असं काय विचारता, काका?"

"सांग तर."

"बारीक. लांब मान. तुम्हीच चिडवायचात ना, हिच्या कॉलरला अख्खा तागा लागतो म्हणून."

इतके विनोद केले आयुष्यात, हा माझा नव्हता.

"हसायची कशी?"

"काकू? हसताना नाही बघितली कधी."

फोन ठेवला. माणसं विसरतील, फोटो फितूर होईल. पण कापड एकदा कापलं की कापलं. कपाटातून बायकोचा कोट काढला. मीच शिवलेला, तिच्या ऐसपैस अंगाला, डाव्या खांद्याला आतून पट्टी भरून. टेबलावर पसरून टेप लावली.

छाती अरुंद. कंबर त्याहून अरुंद.

खांदे दोन्ही सरळ, डाव्यात पट्टीच नाही.

कोट उलटा केला. बाजूच्या शिवणी उसवून आत घेतल्या होत्या, हातशिलाईने, बारीक, सावकाश.

टाके डावखुऱ्याचे होते, माझेच. आणि दोरा कित्येक वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला.